बावन्न सालची कार्डं

दिवाळीला सांगलीला घरी गेलो होतो. माळा साफ करताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत आमची डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं! नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स... आपला आकडा मोठा असला की समोरच्याचं कार्ड आपलं. योकोझुना हातात आला की डोळे मिटून 'वजन' म्हणायचं. मधल्या सुट्टीत अदलाबदली चालायची. एका अंडरटेकरसाठी चार किरकोळ पैलवान मोजावे लागत. हा भाव कुणी ठरवला होता कोण जाणे, पण अख्ख्या वर्गाला मान्य होता.

आई म्हणाली, "रद्दीत घालू का रे?" म्हटलं, थांब, आधी किंमत तर बघू. (हो, आमच्या धंद्यात सगळं आधी गूगल करतात.)

किंमत अर्थातच शून्याच्या आसपास. कार्डाचा भाव ठरतो तो कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र किती मधोमध छापलंय यावर. अमेरिकेत तर कंपन्या कार्डं भिंगाखाली तपासून दहापैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. माझ्या कार्डांचे कोपरे गोल झालेले, दोन गायब, आणि एकावर निळ्या शाईत माझं नाव.

या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड म्हणजे टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातलं ३११ नंबरचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं. गंमत म्हणजे ते त्याचं पहिलं कार्ड नाही. पहिलं १९५१ सालचं, बोमन कंपनीचं. शिवाय ३११ नंबर त्याच्या गटातल्या बहुतेक कार्डांपेक्षा दुप्पट छापला गेला होता. पण तो गट हंगामाच्या शेवटी बाजारात आला आणि पडून राहिला. उरलेला माल १९६० मध्ये कंपनीने चक्क समुद्रात नेऊन बुडवला. ज्या पोरांच्या आयांनी रद्दी काढली नाही, त्यांच्याकडे थोडी कार्डं उरली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलं एक, साडेनऊ गुणांचं, १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या भावाने साधारण १०० कोटी रुपये!

१९५२ हा आकडा वाचून मी जरा थांबलो. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, भारताने मद्रासला इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. वीस वर्षं कसोटी खेळल्यावरचा आपला पहिला विजय. कप्तान विजय हजारे. जन्म १९१५, गाव सांगली. म्हणजे माझंच! हल्क होगनचे बायसेप्स मला तोंडपाठ होते आणि हे माहीत नव्हतं.

आणि २३ जुलैला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं. खाशाबा गोळेश्वरचे, सातारा जिल्ह्यात कराडला लागून आहे ते. जाण्यासाठी वर्गणी काढावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, ते जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

आणि भावाचंच म्हणाल, तर २०१७ मध्ये ते पदकच लिलावात काढण्याची तयारी कुटुंबाने केली होती. हौस म्हणून नाही हो. गोळेश्वरला कुस्ती अकादमी बांधण्याचं सरकारी आश्वासन वर्षानुवर्षं अडकलं होतं, त्यासाठी पैसे हवे होते. तिकडे पुठ्ठ्याच्या तुकड्याला १०० कोटी, आणि इकडे खरं पदक विकायची पाळी! आपण काय जपलं आणि काय रद्दीत घातलं याचा हिशोब केला की त्रास होतो.

रात्री झोप येईना म्हणून जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या बाजूवर दोन कार्डं बनवली. हजाऱ्यांचं सोपं गेलं. ॲडलेड, १९४८, एकाच कसोटीत ११६ आणि १४५, समोर ब्रॅडमनचा संघ. खाशाबांचं लिहिताना मात्र 'वजन'पाशी पेन अडकलं. बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. आमच्या खेळात योकोझुनापुढे ते दर वेळी हरले असते.

मग 'वजन'चा रकानाच खोडला. दोन्ही कार्डं डब्यात ठेवली आणि डबा परत माळ्यावर. आईला सांगितलंय, हात लावायचा नाही.