मालक बदलल्यावर

५ मे २०२५ ला स्काईप बंद झालं. ज्यांची मुलं साता समुद्रापलीकडे आहेत, अशा आमच्या पिढीच्या लोकांना ती बातमी वाचून आत कुठेतरी हललं असणार. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत त्यावर चांगली दोन दिवस चर्चा चालली. एकाने विचारलं, "सर, चांगलं चालून राहिलं होतं नं, मग बंद काऊन केलं?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे 'काऊन' ऐकलं की मला राहवत नाही. राज्य कोणत्या साली बुडालं हे पोरं घडाघडा पाठ म्हणतात, पण का बुडालं ते लिहा म्हटलं की पेनं थांबतात. तर मंडळी, आज जरा त्या 'काऊन'कडे बघू.

ज्यांना एसटीडी-आयएसडीचे पिवळे बूथ आठवतात त्यांना स्काईप काय होतं ते वेगळं सांगायला नको. काचेच्या खोपटात उभं राहून बोलायचं आणि डोळे समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर. "कसा आहेस, जेवलास का, बरं ठेवतो." भारतात इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली ती १ एप्रिल २००२ पासून. आणि पुढच्याच वर्षी, २००३ च्या ऑगस्टमध्ये, स्काईप आलं. स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस हे त्याचे कर्ते. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिला तो मात्र एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशातल्या पोरांनी. (आपल्या एकट्या विदर्भाची लोकसंख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त!) २००९ मध्ये ते आयफोनवर आलं, मग अँड्रॉइडवर.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी स्काईप लागायचं. तिकडे शनिवारची रात्र. सौ. ने नातीला अख्खी बाराखडी अशी शिकवली, हातात पाटी धरून कॅमेऱ्यासमोर. एवढी वीज बनवणाऱ्या आमच्या गावात नेमकी 'ज्ञ'ला लाईट जायची, आणि नात तिकडे 'ज्ञ' अर्धा तोंडात धरून बसायची. असो.

आता इतिहास. २००५ मध्ये स्काईप ईबे या कंपनीने घेतलं, २६० कोटी डॉलरला. ईबे म्हणजे इंटरनेटवरचा लिलाव. त्यांचा हिशेब असा, की घेणारा आणि विकणारा सौद्याआधी स्काईपवर बोलतील. आता तुम्हीच सांगा, जुनं घड्याळ विकत घेणारा माणूस विकणाऱ्याचं तोंड कशाला बघेल? कोणी बोललं नाही. २००७ मध्ये ईबेला या सौद्यापायी जवळजवळ १४० कोटी डॉलरचा फटका वहीत दाखवावा लागला. गंमत म्हणजे ज्या मूळ तंत्रावर स्काईप चालायचं, ते ईबेच्या मालकीचं नव्हतंच! ते संस्थापकांच्या जॉल्टिड नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे राहिलं होतं. घर विकलं, विहीर ठेवून घेतली. २००९ मध्ये ईबे मोठा हिस्सा गुंतवणूकदारांना विकायला निघाली तेव्हा यावरून कोर्टकज्जे झाले, आणि समझोत्यात संस्थापक हिस्सेदार होऊन पुन्हा आत आले. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सगळंच घेतलं. किंमत ८५० कोटी डॉलर.

म्हणजे आठ वर्षांत तिसऱ्यांदा मालक बदलला. इतक्या वेळात तर आमच्या चांदा जिल्ह्याचेही मालक बदलले नाहीत. आणि आम्ही काही कमी हातांतून गेलेलो नाही! गोंड राजांकडून १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे, १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले तेव्हा वारस नाही म्हणून कंपनी सरकारकडे, मग मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा निघाला. जुन्या काळी तर या अदलाबदलीत रयतेला कोणी विचारलंच नाही. आमचे एक जुने हेडमास्तर म्हणायचे, राजा बदलला हे शेतकऱ्याला कळतं कधी, तर सारा मागायला वेगळा माणूस येतो तेव्हा.

ॲपचंही तसंच असतं. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी काही बदलत नाही. तोच निळा रंग, तीच फोनची घंटी. बदल होतो तो आत. स्काईपची मूळ रचना अशी होती, की वापरणाऱ्यांपैकी ज्यांचे कॉम्प्युटर चांगले, तेच सगळ्यांसाठी एक्स्चेंजचं काम करायचे. २०१२ पासून मायक्रोसॉफ्टने ते काम हळूहळू स्वतःच्या यंत्रांवर नेलं. त्यात चूक होती असं मी म्हणणार नाही. लोक मोबाईलवर आले होते, आणि मोबाईलच्या बॅटरीला एक्स्चेंज व्हायला लावणं शहाणपणाचं नव्हतं. पण २०१७ मध्ये त्यांनी स्काईपचं रूपडं बदललं. स्नॅपचॅट नावाचं पोरापोरींचं ॲप तेव्हा जोरात होतं, त्याच्या वळणावर नेलं. लोकांनी एवढी बोंब मारली, की वर्षभराने काही गोष्टी त्यांनी स्वतःच काढून टाकल्या. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत सत्या नाडेला मुंबईला आले आणि भारतासाठी खास 'स्काईप लाईट' दाखवून गेले. त्यात मराठीसुद्धा होती, आधारची ओळख पटवायची सोयही होती. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'टीम्स' बाजारात आणलं. मला विचाराल तर इथेच स्काईपचं भविष्य लिहिलं गेलं. टीम्स ऑफिसांना विकता येतं, वर्षाचे पैसे घेता येतात. बाराखडी शिकवणाऱ्या आजीकडून काय मिळणार? २०२० मध्ये अख्खं जग घरात कोंडलं गेलं आणि प्रत्येकाला तोंड बघून बोलायची गरज पडली, तेव्हा लोक झूमकडे धावले. स्काईप तर चौदा वर्षांपासून तेच करत होतं! २०२५ च्या फेब्रुवारीअखेर जाहीर झालं, मेमध्ये दिवा विझला.

कोणी म्हणेल, ही परदेशची गोष्ट. बरं, मग मुंबईची घ्या.

२०१० मध्ये मुंबईत फ्रीचार्ज सुरू झालं. कुणाल शाह आणि संदीप टंडन यांनी काढलेलं. मोबाईलचा रिचार्ज मारा आणि तेवढ्याच किमतीची कुपनं घ्या, म्हणजे रिचार्ज जणू फुकटात. चंद्रपुरात त्यातली अर्धी कुपनं बिनकामाची, कारण ती दुकानंच आमच्याकडे नव्हती. तरी आमच्या पुतण्यांची पोरं ती जमवायची, नागपूरला गेल्यावर वापरू म्हणून. तर २०१५ च्या एप्रिलमध्ये स्नॅपडीलने फ्रीचार्ज घेतलं, सुमारे ४० कोटी डॉलरला. त्या वेळच्या भावाने अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात. पेपरात केवढाले मथळे होते! आणि दोनच वर्षांनी, २०१७ च्या जुलैत, स्नॅपडीलने तेच ॲक्सिस बँकेला विकलं. किती रुपयांना? ३८५ कोटी.

दोन हजार कोटी कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. ॲप तेच होतं, पण स्नॅपडीलला ते हवं होतं स्वतःच्या दुकानाचा गल्ला म्हणून. नोटाबंदीनंतर लोक पेटीएमकडे वळले, जिओ आल्यावर रिचार्जचीच तऱ्हा बदलली, आणि मूळ दुकानातच पैशांची चणचण सुरू झाली. दुकान डबघाईला आलं की गल्ला आधी विकतात. फ्रीचार्ज आजही बँकेच्या छायेत आहे. पण रिचार्ज मारायचा म्हणजे फ्रीचार्ज, असं म्हणणारी पोरं आता दिसत नाहीत.

या सौद्यांच्या रकमा वाचताना माझ्या मनात येतं, की एवढे पैसे नेमके कशाचे? प्रोग्रॅम तर चार हुशार पोरं पुन्हा लिहू शकतील. विकली जाते ती सवय. रविवारी सकाळी नऊला निळ्या चिन्हावर बोट जातं, ती आमच्या बोटाची सवय. तिची किंमत कोट्यवधी डॉलर, आणि सौद्याच्या कागदावर आम्ही कुठेच नाही.

सगळी विकलेली ॲपं मरतात असंही नाही हं. 'व्हेअर इज माय ट्रेन' घ्या. बल्लारशाच्या फलाटावर उभा असलेला दर दुसरा माणूस ते उघडून बसलेला दिसतो. बंगळुरूच्या सिग्मॉईड लॅब्जने केलं, २०१८ मध्ये गूगलने घेतलं. नेट नसलं तरी मोबाईलच्या टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं, आणि आमच्या जंगलपट्टीत नेट नसणं हे नेहमीचंच. ते टिकून आहे. मला वाटतं गूगलला त्याचा गल्ला करायचा नव्हता, म्हणून.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र मी साशंक आहे. २००९ मध्ये यान कुम आणि ब्रायन ॲक्टन यांनी काढलं, जाहिरात घेणार नाही असं ठासून सांगत. २०१४ मध्ये फेसबुकने १९०० कोटी डॉलरला घेतलं, तेव्हा तिथे कामाला माणसं होती जेमतेम ५५! आमच्या शाळेचा शिक्षकवर्ग आणि शिपाई मिळून तेवढे होत. ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, कुम २०१८ मध्ये. २०२५ च्या जूनमध्ये जाहिराती येणार असं जाहीर झालं, सध्या 'अपडेट्स'च्या कप्प्यापुरत्या. कर्ते गेले, मग शब्द गेला. अंगणात आलेला माणूस ओसरीवर कधी येतो ते बघायचं.

आता घरचं सांगतो, नातेवाईक मंडळींना अर्धवट माहीत आहेच.

आमची आक्का वडशाला असते. वय ८४. तिच्याजवळ आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आपल्या झाडीबोलीतल्या. कुठल्याही पुस्तकात नाहीत, कारण आईने त्या स्वतःच जोडलेल्या. काही वर्षांपूर्वी भाच्याने फोनवर एका ॲपात (नाव नाही सांगत) त्या आक्काच्या आवाजात भरून घेतल्या. एक्केचाळीस ओव्या, मोजून. पुढे ते ॲप विकलं गेलं. नव्या मालकाने इंग्रजीत एक ई-मेल पाठवला, अमक्या तारखेपर्यंत आपलं सामान उचला म्हणून. जुन्या नोकरीच्या पत्त्यावर आलेला तो मेल भाच्यापर्यंत पोचलाच नाही. तारीख उलटून गेली. फोनमध्ये ओव्या नव्हत्याच, होत्या त्या कंपनीच्या कोठारात, आणि ते कोठार रिकामं झालं.

एक्केचाळीसपैकी आक्काला आता सगळ्या येत नाहीत. मधल्या काळात तिला बारीकसा झटका येऊन गेला, आणि तेव्हापासून शब्द निसटतात. मी महिन्यातून एकदा वडशाला जातो, वही घेऊन. ती डोळे मिटून हात गोल फिरवते, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. हात फिरला की कधीकधी ओळ येते. आतापर्यंत तेवीस झाल्या आहेत. त्यातल्या दोन, भाचा म्हणतो, त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हत्याच.

परवा तिने मधेच थांबून विचारलं, "बाबू, त्या कंपनीवाल्यानं आयकल्या अस्तीन का रे एखाद्या तरी?"