हिय्याचं कूळ

मध्य प्रदेशातल्या सौंसरला शिकवणीत बारावीच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मन खचलं याला इंग्रजीत भारी शब्द कोणता?" निबंध संत्र्याच्या बागेवर होता. त्या साली तिच्या घरच्या बागेत फळगळ झाली होती आणि तिला लिहायचं होतं, बाबा खचले. आधी तिनं 'सॅड' लिहून खोडलं होतं. गाइडात 'ॲडव्हान्स' शब्दांची यादी होती: डिसकरेज्ड, डिसहार्टन्ड, डिजेक्टेड, डिस्पॉन्डंट, क्रेस्टफॉलन. पाचांपुढे हिंदी अर्थ एकच, हताश-निराश. पाचही शब्द एकच असतील तर पाच कशाला पाठ करायचे, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

मी तिला विचारलं, खचले की ढासळले? ती लगेच म्हणाली, खचले. हा फरक तिला कोणी शिकवलेला नव्हता. विहिरीचं बांधकाम पावसाळ्यात आतून भिजतं, एखादा थर हळूहळू खाली बसतो, वरून कितीतरी दिवस कळतही नाही. ती विहीर खचली. एका रात्रीत दगड पाण्यात गेले तर ती ढासळली. बाबा रोज बागेत जात होते, जेवत होते, बोलत होते. आतला थर तेवढा खाली बसला होता.

पाच इंग्रजी शब्दांच्या पोटातही अशीच पाच वेगळी चित्रं आहेत. ती दिसायची तर शब्दांचं कूळ काढावं लागतं.

'डिसकरेज' पंधराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यातला 'करेज' लॅटिनच्या 'कोर'वरून आला, आणि कोर म्हणजे हृदय. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत करेजचा अर्थ मन, अंतःकरण असाही होता. धाडस हा अर्थ पुढे पक्का झाला. 'डिसहार्टन' त्याचाच घरचा भाऊ. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच 'करेज'च्या जागी अस्सल इंग्रजी 'हार्ट' घालून घडवला गेला. म्हणजे एकाच गोष्टीला एक दरबारी शब्द आणि एक घरचा.

आता आपल्याकडे पाहू. लॅटिन कोर, इंग्रजी हार्ट, ग्रीक कार्डिया, संस्कृत हृद् आणि फारसी दिल हे सगळे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळाशी नेऊन पोचवतात. हिशेबात एक खोच मात्र आहे. नियमानं संस्कृतात इथं 'श' यायला हवा होता, आणि आला 'ह'. तो हरवलेला 'श' सापडतो 'श्रद्धा' या शब्दात. त्यातलं 'श्रत्' म्हणजे हृदयच आणि 'धा' म्हणजे ठेवणं, अशी जुनी उकल आहे. जिथं हृदय ठेवलं ती श्रद्धा. लॅटिनचा 'क्रेडो', म्हणजे मी विश्वास ठेवतो, हा तिचा जुळा, आणि बँकेतलं 'क्रेडिट' त्याच घरातलं.

फारसीच्या बाजूनं हेच हृदय मराठीत पुन्हा आलं. बहमनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात कचेरीच्या शब्दांबरोबर मनाचे शब्दही रुजले. दिल धरलं गेलं की माणूस दिलगीर. धास्तीला अरबीत हौल म्हणतात. ती दिलात शिरली की हवालदिल. उमेद गेली की नाउमेद. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण हवालदिल झालेल्या माणसाला आपण आजही हवालदिलच म्हणतो. लोकांनी हा शब्द आपला मानला होता.

आणि मग आपला स्वतःचा शब्द येतो, हिय्या. हृदय प्राकृतात घासत घासत हिअअ झालं, मराठीत हिय्या. अर्थ तोच प्रवास करून आला: आधी काळीज, मग काळजातली हिंमत. 'हिय्या केला', 'हिय्या होईना'. फ्रेंचांनी कोरपासून करेज केलं आणि आपण हृदयापासून हिय्या केला, एकमेकांना न विचारता. 'डिसकरेज्ड'ला इतका नेमका मराठी शब्द दुसरा मला माहीत नाही. गाइडातल्या हताश-निराशपेक्षा तो कितीतरी जवळ बसतो, कारण हताश म्हणजे ज्याची आशाच मारली गेली तो. हिय्या न होणाऱ्याची आशा जिवंत असू शकते, पुढचं पाऊल तेवढं उचलत नाही.

उरलेल्या तिघांत 'डिस्पॉन्डंट' मला सगळ्यांत हलवून सोडतो. लॅटिन 'स्पॉन्डेरे' म्हणजे विधिपूर्वक शब्द देणं. रोमन लोक मुलीची सोयरीक ठरवताना हेच क्रियापद वापरत, म्हणून नवरा-बायकोला इंग्रजीत 'स्पाउस', आणि क्रिकेटच्या जर्सीवरचा 'स्पॉन्सर'ही त्यातलाच. 'डिस्पॉन्डेरे' म्हणजे देऊन टाकणं; मन असं देऊन टाकलं की धीर सुटला. सोयरीक झालेली मुलगी घरात वावरते पण मनानं परघरची झालेली असते, तसं आपलंच मन आपलं उरलेलं नसतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही गप्प झाली.

'डिजेक्टेड' म्हणजे खाली फेकलेला. 'क्रेस्टफॉलन' म्हणजे तुरा पडलेला, हरलेल्या कोंबड्यासारखा. आपल्याकडे तोंड उतरतं. "काहून रे, तोंड काहून उतरलं?" हे वाक्य पांढुर्ण्याच्या कोणत्याही गल्लीत ऐकू येईल. 'डिमॉरलाइज्ड' यादीत नव्हता, पण मुलं तो बोलतात. तो अगदी अलीकडचा आहे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतला. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरनं तो १७९४च्या सुमारास वापरला, तोही नीती बिघडवणं या अर्थानं. सैन्याचं मनोबल खचणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला.

आमच्या मुलांपाशी या बाबतीत एक धन आहे, आणि त्याला कोणी धन म्हणत नाही याचं मला वाईट वाटतं. घरी मराठी, शाळेत हिंदी, परीक्षेला इंग्रजी. हिंदीत डिप्रेशनला 'अवसाद' म्हणतात. भूगोलाच्या हिंदी पुस्तकात गाळाच्या खडकाला 'अवसादी शैल' म्हणतात. मुलं दोन्ही शब्द वेगवेगळ्या तासांना पाठ करतात. मूळ एकच, 'सद्', बसणं, खाली जाणं. मन खाली बसलं तरी अवसाद, गाळ तळाशी बसला तरी अवसाद. गाळाचा इंग्रजी 'सेडिमेंट'ही त्याच मुळाचा. 'विषाद'ही सद्‌चाच, गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि त्याच्या शेवटी अर्जुन खरोखरच रथात खाली बसतो. भूशास्त्रात आमच्या गावाच्या नावानं 'सौंसर ग्रुप' नावाचा खडकांचा समूह आहे, मँगनीजसाठी प्रसिद्ध. तो मुळात असाच खाली बसलेला गाळ, पुढे दाबानं आणि उष्णतेनं पालटलेला. ज्या गावचे खडक अवसादाचे आहेत, तिथल्या मुलांना अवसादचा अर्थ गाइडातून पाठ करावा लागू नये.

इंग्रजी इकडे नागपूरवाटे आली. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपुरात पोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. १८५४मध्ये भोसल्यांचं राज्य कंपनी सरकारनं खालसा केलं, १८६१मध्ये मध्य प्रांत झाला. नागपूर राजधानी आणि छिंदवाडा त्यातला जिल्हा, म्हणून सौंसर-पांढुर्ण्याचं तोंड वर्षानुवर्षं नागपूरकडे राहिलं. मुंबई-पुण्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्येच निघाला होता. त्यानं सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीनं पुरा करून १८४७मध्ये छापला. म्हणजे इंग्रजी शब्दाला मराठीतून भिडायची सोय पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेली आहे. पण १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. इंग्रजी त्यानंतर हिंदीच्या दारातून येऊ लागली. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली. गाइडं मात्र तीच राहिली. हिंदीशी माझं भांडण नाही, तिनं आम्हाला अवसाद दिला. भांडण आहे ते पाच शब्दांपुढे एकच अर्थ छापणाऱ्याशी.

त्या मुलीनं वहीत पाच शब्दांपुढे पाच चित्रं लिहून घेतली, पण वडिलांसाठी कोणता ते ठरवता येईना. मी म्हटलं, घरी जाऊन विचार. बागेला आंबिया बहारासाठी ताण द्यायचे दिवस आले होते. पाणी तोडायचं, झाडं सुकू द्यायची, पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, तेव्हा फूल येतं. एका वर्षी फळ गळाल्यावर पुन्हा आपल्या हातानं पाणी तोडणं सोपं नसतं, आणि तिचे बाबा ते करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती आजीचं वाक्य घेऊन आली: "तुह्या बापाचा हिय्याच होऊन नाही राह्यला." वहीत तिनं ते जसंच्या तसं उतरवलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, डिसकरेज्ड.