बांधावरचा आंबा

आमच्या तोरणमाळला २६ जानेवारीची सकाळ कडक थंडीची. यशवंत तलावावर धुकं असतं अन् पोरं कुडकुडत झेंड्याला सलाम करतात. मग शहिदांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. मीही कितीक वर्षं उभा राहिलो. पण एका वर्षी त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात काठी अन् भांडण एवढंच होतं.

भांडण बांधावरच्या आंब्याचं. आमच्याकडे आमचूर म्हणजे उन्हाळ्यातला पैसा. चुलतभाऊ म्हणे झाड त्याचं, मी म्हणे माझं. आदल्या दिवशी त्याच्या पोरानं तीरकामठा दाखवला होता.

त्या दिवशी शाळेतले कोल्हापूरकडचे गुरुजी बोलायला उठले. त्यांनी त्यांच्या मुलखातल्या जनरल एस. पी. पी. थोरातांची गोष्ट सांगितली. पुढं मिळेल तिथून ती मी वाचून काढली.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉला थोरातांची पलटण जपान्यांशी लढली. बरीच माणसं पडली. थोरातांना शौर्याचं डी.एस.ओ. पदक मिळालं. त्याच ब्रिगेडमध्ये थिमय्याही होते.

पुढं १९५० ला कोरियात युद्ध पेटलं. तहाची बोलणी सुरू झाली, पण ज्या कैद्यांना मायदेशी परत जायचं नाही त्यांचं काय करायचं, यावर ती वर्षाहून जास्त अडली. तोवर इकडे माणसं मरतच होती. भारतानं संयुक्त राष्ट्रसंघात तोड सुचवली अन् जुलै १९५३ ला युद्ध थांबलं. असे २२ हजारांवर कैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. कैद्यांचा निवाडा करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, अन् फौजेचे प्रमुख थोरात.

काम सोपं नव्हतं. पहाऱ्यावरच्यांना गोळी झाडायची वेळ आली, काही कैदी मेलेही. पण सप्टेंबरात चिनी कैद्यांनी आपला एक मेजर आत ओढून धरला, तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या घोळक्यात शिरले. पाहुणा घरी आला अन् तुम्ही चहासुद्धा विचारत नाही, असं काहीसं ते बोलले म्हणतात. चहा आला, बोलणं झालं अन् मेजर सुटला. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग २ मिळालं.

मी घरी आलो, पण भाकर गोड लागेना. ज्यानं आपली माणसं रणात मरताना पाहिली, तो माणूस आणखी कुणी मरू नये म्हणून जीव धोक्यात घालतो. अन् मी शहिदांना सलाम करून तसाच काठी शोधायला निघालेलो. मग तो सलाम कसला?

संध्याकाळी रिकाम्या हातानं चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन बसलो. पोरगं उठून उभं राहिलं. मी वहिनीला म्हटलं, "चहा टाका, लई थंडी आहे." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

आंबा कुणाचा, ते त्या दिवशी ठरलं नाही. पुढं पंच बसले, दोनदा उठले, तिसऱ्यांदा अर्धं-अर्धं ठरलं. मला ते पुरतं पटलं नव्हतं, अजूनही नाही. पण त्याचं पोरगं आज दोन लेकरांचा बाप आहे, अन् आमचूर आम्ही एकाच अंगणात वाळवतो.