सरकारी वकिलाच्या खुर्चीची गोष्ट

परवा भाचीचा फोन आला. वकिली सुरू करून तिला सहा वर्षं झाली. "मामा, सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा देऊ का रे? आई म्हणते पक्की नोकरी आहे, दे. आमचे सिनियर म्हणतात, तिथे गेलीस की तिथेच राहशील. तू तर सगळं आयुष्य तिथे काढलंस. खरं सांग."

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. "विचार करून सांगतो" म्हटलं. विचार करताना लक्षात आलं, की ही नोकरी आज अशी का आहे हे सांगायचं तर आधी ती कुठून आली ते सांगावं लागेल. म्हणून हे सगळं इथेच लिहितो. तिने वाचावं, तुम्हीही वाचा.

सरकारी वकील म्हटलं की लोकांना उज्ज्वल निकम आठवतात, २६/११ चा खटला आठवतो. पण ते विशेष सरकारी वकील. एका मोठ्या खटल्यासाठी सरकार खास नेमतं तसे. आम्ही ते नव्हे. तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर चोरी, मारामारी, विनयभंग, अपघात, दारूबंदी अशी प्रकरणं रोज चालवणारा माणूस म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. कोर्टात सगळे त्याला ए.पी.पी. म्हणतात. पेपरात त्याचं नाव येत नाही. सामान्य माणूस आयुष्यात एकदा कोर्टाची पायरी चढला, तर त्याची गाठ बहुधा याच माणसाशी पडते.

आता थोडा इतिहास. इंग्रजांच्या वेळी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता होती. तिच्या कलम ४९५ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात पोलीस अधिकाऱ्यालाही खटला चालवायची परवानगी देता येत असे. फक्त त्याने त्या गुन्ह्याचा तपास केलेला नसावा आणि तो ठरलेल्या दर्जाच्या खालचा नसावा. त्यातूनच पुढे 'पोलीस प्रॉसिक्युटर' ही जात तयार झाली. पदवी कायद्याची आणि मालक पोलीस खातं. त्या काळी यात कोणाला फारसं वावगं वाटत नसावं, कारण मॅजिस्ट्रेट तरी कुठे स्वतंत्र होता? मामलेदार आणि प्रांतच मॅजिस्ट्रेटचे अधिकार वापरायचे. सकाळी महसूल, दुपारी न्याय. मुंबई राज्यात न्यायदान आणि कारभार वेगळे करणारा कायदा झाला तो १९५१ साली. मॅजिस्ट्रेट मोकळा झाला. त्याच्यासमोर उभा राहणारा सरकारी वकील मात्र होता तिथेच राहिला.

१९५८ साली कायदा आयोगाचा चौदावा अहवाल आला. अध्यक्ष होते मो. चि. सेटलवाड. अहवालाने स्वच्छ सांगितलं होतं की खटला चालवणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करा, जिल्ह्याजिल्ह्यात तिचं स्वतंत्र खातं असू द्या. कारण साधं आहे. पोलिसाला वाटतं आपला तपास बरोबर आहे. तसं वाटणं त्याच्या कामाचाच भाग आहे. पण तो पुरावा कोर्टात टिकण्याजोगा आहे का, हे बघणारा माणूस दुसरा हवा आणि त्याने पोलिसांच्या ताटात जेवू नये.

मग १९७३ ची नवी संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. कलम २५ मध्ये लिहिलं, की पोलीस अधिकारी सहायक सरकारी अभियोक्ता होऊ शकणार नाही. आता तुम्ही म्हणाल, प्रश्न मिटला. महाराष्ट्रात काय झालं, तर जे पोलीस प्रॉसिक्युटर होते त्यांनाच त्याच दिवसापासून सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमलं आणि ठेवलं पोलीस खात्याच्याच हाताखाली. पाटी बदलली, साहेब तोच!

मी १९८६ साली लागलो तेव्हा हीच व्यवस्था होती. माझं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. एक टेबल, एक लाकडी कपाट, त्यात दोषारोपपत्रांचे गठ्ठे. टायपिस्ट नव्हता, जामीन अर्जावरचं म्हणणं हातानेच लिहायचं. बोर्डावर रोज साठ-सत्तर प्रकरणं असायची. साक्षीदार आला तर पंच नाही, पंच आला तर मुद्देमाल ठाण्यातून आलेला नाही. साक्षीदाराशी बोलायला मिळायची ती दहा मिनिटं, तीही कोर्टाच्या पायरीवर. त्याच दहा मिनिटांत कळायचं की तो फितूर होणार आहे. समन्स, वॉरंट बजावून आणायचे ते पैरवीवाल्या हवालदाराने. तो मनात आणेल तर काम होणार, नाहीतर पुढची तारीख. आणि माझी रजा, माझी बदली, माझा गोपनीय अहवाल हे सगळं पोलीस खात्याकडे.

याचा अर्थ काय होतो ते एका प्रकरणावरून सांगतो. गावाचं नाव सांगत नाही.

१९८९ ची गोष्ट. पंपाच्या मोटारी चोरल्याचा गुन्हा, आरोपी वीटभट्टीवरचा मजूर. मोटार त्याने काढून दिली असा पंचनामा. आदल्या रात्री कागद वाचताना माझ्या लक्षात आलं, की यातला पंच आणि दुसऱ्या एका पंचनाम्यातला पंच एकच आहे. तारीख तीच, वेळही जवळपास तीच, आणि दोन गावांत अंतर बावीस किलोमीटर. म्हणजे एक पंचनामा तरी ठाण्यात बसून लिहिलेला. आरोपीतर्फे उभा राहिलेला वकील नवखा होता, त्याला दुसऱ्या प्रकरणाची माहिती असायचं कारणच नव्हतं. मला होती.

सरकारी वकिलाचं काम आरोपीला शिक्षा मिळवून देणं नव्हे, खरं ते कोर्टापुढे ठेवणं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण बायकोला आठवा महिना होता, नुकतीच कशीबशी खोली मिळाली होती, आणि महिन्यापूर्वीच माझ्या एका सहकाऱ्याला असाच काहीतरी शहाणपणा केल्यावर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. मी गप्प बसलो. मजुराला तीन महिने झाले. त्याची आई व्हरांड्यात बसली होती. मी तिच्यासमोरूनच माझ्या खोलीत गेलो.

दोन वर्षांनी तसंच दुसरं प्रकरण आलं, पंच तोच. या वेळी मी दोन्ही पंचनामे कोर्टापुढे ठेवले. आरोपी सुटला. आठवड्याभरात मेमो आला : सरकार पक्षाच्या विरोधात भूमिका का घेतली, याचा खुलासा सादर करावा. खुलासा दिला. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात शेरा पडला, तपास यंत्रणेशी सहकार्य नाही. आमच्यातल्या एका जुन्या माणसाने मला समजावलं, "तू वकील आहेस असं तुला वाटतं, त्यांना नाही वाटत."

असो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. एस. बी. शहाणे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आमच्याच राज्यातले, आमच्याच पदावरचे लोक तिथपर्यंत गेले होते. न्यायालयाने म्हटलं की सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या प्रशासकीय आणि शिस्तविषयक नियंत्रणातून बाहेर काढा, त्यांचा स्वतंत्र संवर्ग करा, आणि त्यांचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा. मॅजिस्ट्रेट १९५१ च्या कायद्याने मोकळा झाला होता. आम्हाला आणखी चव्वेचाळीस वर्षं लागली.

पुढे गृह विभागाखाली वेगळं अभियोग संचालनालय उभं राहिलं. पोलीसही त्याच गृह विभागाखाली, हे खरं. तरी फरक पडला. त्यानंतर मी कोर्टापुढे खरं ते ठेवलं म्हणून मला मेमो आला नाही. हा बदल वर्तमानपत्रांत कुठे फारसा दिसला नाही, पण तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या आरोपीच्या दृष्टीने मोठा होता.

आता भाचीच्या सिनियरांचं म्हणणं : तिथे गेलीस की तिथेच राहशील. त्यात बरंच तथ्य आहे.

खुनाचं प्रकरण आधी मॅजिस्ट्रेटकडे येतं. आरोपीला रिमांडसाठी आणतात तेव्हा ए.पी.पी. उभा असतो, पहिल्या जामीन अर्जाला तोच विरोध करतो. मग प्रकरण सत्र न्यायालयाकडे कमिट होतं. फाईल वर जाते, ए.पी.पी. खाली राहतो. सत्र न्यायालयात ते चालवतात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी. त्यांची नेमणूक खाजगी वकिली करणाऱ्यांतून, विधी व न्याय विभागाकडून, ठरावीक मुदतीसाठी होते. १९८४ चे त्यासाठीचे वेगळे नियम आहेत. संहितेनुसार तिथे सात वर्षांची वकिली लागते. आमची सेवा वकिली म्हणून धरतात, म्हणजे कागदावर आम्हीही पात्र. पण पेन्शनची नोकरी सोडून मुदतीच्या नेमणुकीवर कोण जाणार?

माझ्यासमोर ज्यांनी पहिला उलटतपास घेतला, अडखळत घेतला, त्यांतले दोघे पुढे सत्र न्यायालयात सरकारतर्फे उभे राहिले. एकदा मीच रिमांडपासून सांभाळलेली फाईल त्यांतल्या एकाला नेऊन दिली. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस चांगला होता. पण परत येताना वाईट वाटलं, ते वाटलंच.

हे दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नव्हे. संहितेत तरतूद होती, की राज्यात अभियोग अधिकाऱ्यांचा नियमित संवर्ग असेल तर सरकारी वकील त्यातूनच नेमावा. केरळातले ए.पी.पी. हेच म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० च्या के. जे. जॉन खटल्यात न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं नाही. नियमित संवर्ग म्हणजे ज्याच्या वरच्या टोकाला सरकारी वकिलाचं पद आहे तो. तुमचा संवर्ग खालीच संपतो, तर वरच्या पदावर हक्क कसला? २००५ च्या दुरुस्तीने हीच व्याख्या कायद्यात लिहिली. थोडक्यात, बढतीची वाट राज्याने आधी बांधली असेल तरच तिच्यावर हक्क. ती बांधा, असं राज्याला कायदा सांगत नाही.

एक दार मात्र उघडलं. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षं वकिली लागते. पगारी सरकारी वकील हा 'वकील' धरायचा की नाही, यावर वाद होता. हरियाणातल्या अशा काही नेमणुका उच्च न्यायालयाने रद्दही केल्या होत्या. २०१३ साली दीपक अगरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोकरीत असला तरी जो कोर्टात उभा राहून सरकारची बाजू मांडतो तो वकीलच आहे. तोवर माझं परीक्षेचं वय उलटून गेलं होतं. भाचीचं नाही.

आणि १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम २० मध्ये राज्याच्या संचालनालयासोबत जिल्हा संचालनालयांचीही सोय आहे. किती शिक्षेच्या प्रकरणावर कोणी लक्ष ठेवायचं, तेही वाटून दिलंय : दहा वर्षं किंवा जास्त असेल तर संचालक, सात ते दहा असेल तर उपसंचालक, त्याखालची सहायक संचालक. पण संचालक व्हायला पंधरा वर्षांची वकिली हवी किंवा सत्र न्यायाधीश असायला हवं. म्हणजे वरची खुर्ची बाहेरूनही भरता येते. पायऱ्या वाढल्यात. त्या चढायला आपल्याच माणसांना मिळतात का, हे राज्य नियम कसे करतं त्यावर ठरेल.

तर बाळा, तुझं उत्तर.

बढतीसाठी म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. तुझे सिनियर चूक सांगत नाहीत. पण पाच वर्षांत तू जेवढे सरतपास घेशील तेवढे खाजगीत पंधरा वर्षांत मिळणार नाहीत, आणि सात वर्षं झाली की न्यायाधीशाची परीक्षा दे. ती वाट मला नव्हती, तुला आहे. पगार महिन्याला येतो, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पक्षकाराच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

आणि आणखी एक. जे खरं आहे ते कोर्टापुढे ठेवलं म्हणून कोणी तुझी बदली करू नये, यासाठी काही लोक १९९५ पर्यंत भांडले. मी त्यांच्यात नव्हतो. मला ते आयतं मिळालं, आणि मिळालं तेव्हा त्या मजुराचे तीन महिने भोगून झाले होते. त्याचं नाव माझ्या लक्षात आहे. त्याला कधी शोधलं नाही. शोधून काय सांगणार होतो?

परीक्षा द्यायची ठरवलीस तर कळव. माझी जुनी पुस्तकं आहेत, कलमांचे आकडे आता बदललेत, पण समासातल्या टिपा उपयोगी पडतील. पुढच्या रविवारी येतोय, घेऊन येईन.