हार्लेमचे शिवार आणि अम्लरेखनाची कला

नेदरलँड्समधील नीउ-व्हेनेप हे गाव ज्या जमिनीवर वसले आहे, ती १८५२ पर्यंत हार्लेमरमेर या सरोवराचा तळ होती. काठ ढासळवत हे सरोवर शतकानुशतके पसरत गेले, व्हेनेप नावाची जुनी वस्ती त्याने गिळली आणि १८३६ च्या वादळांत पाणी आम्स्टरडॅम व लायडन या शहरांच्या वेशीवर येऊन ठेपल्यावर ते उपसण्याचे ठरले. वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी सुमारे १८,००० हेक्टर जमीन कोरडी केली. या सरोवराच्या वायव्येस असलेल्या हार्लेम शहरात मात्र त्यापूर्वी सुमारे २४० वर्षे निसर्गदृश्यांच्या अम्लरेखनाला, म्हणजे एचिंगला, बहर आला होता.

अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देतात आणि त्यावर सुईने रेघा ओढून पत्रा आम्लात बुडवतात. लेप निघालेल्या जागीच आम्ल तांबे खाते; त्या खाचांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घेतला जातो. उत्कीर्णनात कोरणी थेट धातूत रेटावी लागते, तर येथे सुई लेपावरून लेखणीइतकी सहज फिरते. त्यामुळे वाळूच्या टेकड्या, लव्हाळे, झुकलेली छपरे अशा अनियमित आकारांना ही पद्धत मानवली.

१६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला आणि शहराबाहेर फिरणे निर्धोक झाले. याच काळात, सुमारे १६१२ मध्ये, क्लास यान्स व्हिशर याने हार्लेमच्या परिसरातील रम्य स्थळांची चित्रमालिका काढली. तीत झांडव्होर्टचा दीपस्तंभ, क्लेफ गढीचे अवशेष आणि कापड उन्हात पांढरे करण्याची मैदाने आहेत. पुराणकथा वा बायबलमधील प्रसंगाचा आधार न घेता नेहमीचे शिवारच चित्रविषय होऊ शकते, हे अशा मालिकांनी रुजवले, आणि एसायस फान डे व्हेल्डे व विलेम बाउटेवेख यांनी ती वाट पुढे नेली. हर्क्युलीस सेगर्स याने रंगीत शाई, रंगवलेला कागद आणि कापड वापरून एकाच पत्र्याचे परस्परांहून निराळे ठसे काढले. त्याचा एक पत्रा पुढे रेम्ब्रांटने मिळवला आणि त्यातील मनुष्याकृती खोडून नव्या कोरल्या.

रेम्ब्रांटच्या १६५१ मधील एका अम्लरेखनात हार्लेमजवळची साक्सेनबुर्ख ही वाडी व मागे शहराचे मोठे चर्च दिसते. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, आणि त्याने देखावा पत्र्यावर सुलटाच रेखाटल्यामुळे ठशात डावे-उजवे बदलले आहे. म्हणूनच असे ठसे नकाशाच्या जागी ठेवता येत नाहीत. गढी, मैदाने आणि वाड्या यांत तत्कालीन नागरिकांना पाहण्याजोगे काय वाटले, याचा मात्र ते भक्कम पुरावा देतात. नीउ-व्हेनेपभोवतीचे शिवार अभियंत्यांनी सरळ कालव्यांत व काटकोनी शेतांत आखले, तेव्हा त्या कलेचा सुवर्णकाळ सरून दीडशेहून अधिक वर्षे उलटली होती. आधीच्या पिढ्यांचे शिवाराशी असलेले नाते जाणून घ्यायचे, तर काठावरच्या हार्लेमचे ठसेच उलगडावे लागतात.