सार्वजनिक पैसा आणि सक्तीचा प्रश्न : नॉर्थ डाकोटा, १९१९–१९२१

सरकारी निधी कोणत्या बँकेत ठेवावा, हा प्रश्न सामान्यतः खजिनदाराच्या कचेरीतच निकालात निघतो. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात तो मतदारांपुढे आला. त्याचा इतिहास म्हणूनच अभ्यसनीय आहे.

हे राज्य गहू पिकविणाऱ्यांचे. परंतु धान्याचा व्यापार, गिरण्या व कर्जपुरवठा यांवर शेजारच्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस व सेंट पॉल येथील भांडवलाचे वर्चस्व होते. त्याविरुद्ध ए. सी. टाउनली यांनी १९१५ साली ‘नॉनपार्टिझन लीग’ उभारली. लीगच्या प्रभावाखालील विधिमंडळाने १९१९ मध्ये २० लाख डॉलर भांडवलाची ‘बँक ऑफ नॉर्थ डाकोटा’ स्थापण्याचा कायदा केला. जूनमधील सार्वमताने तो मान्य केला व २८ जुलै रोजी बँक उघडली. राज्याचाच नव्हे, तर काउंट्या, नगरे व शाळामंडळे यांचाही निधी तिच्यात ठेवणे बंधनकारक झाले.

नोव्हेंबर १९२० मध्ये विरोधकांनी मांडलेला प्रस्ताव मतदारांनी संमत केला व स्थानिक संस्थांवरील सक्ती उठली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘ठेवला पाहिजे’ याच्या जागी ‘ठेवता येईल’ आले. या बदलाचे परिणाम मात्र केवळ शाब्दिक नव्हते. राज्य बँकेने यातील बराच पैसा गावोगावच्या बँकांत पुन्हा ठेव म्हणून गुंतविला होता. स्थानिक खजिनदार आपला निधी काढून घेऊ लागताच तिला त्या ठेवी परत मागणे भाग पडले. आणि गव्हाचे भाव कोसळल्याने आधीच खिळखिळ्या झालेल्या त्या बँकांपाशी रोकड नव्हती.

लोकमत लीगवर उलटले, एवढेच या घटनेचे स्पष्टीकरण पुरेसे नाही. त्याच निवडणुकीत लीगचे गव्हर्नर लिन फ्रेझियर पुन्हा निवडून आले होते. पुढे २८ ऑक्टोबर १९२१ रोजी मतदारांनी फ्रेझियर व त्यांचे दोन सहकारी यांना पदावरून परत बोलाविले. परंतु त्याच दिवशी बँक मोडण्याचा प्रस्तावही फेटाळला.

सारांश, १९२० मध्ये मतदारांनी सत्ताधारी राखले व सक्ती नाकारली. १९२१ मध्ये सत्ताधारी नाकारले व संस्था राखली. ‘सार्वजनिक’ या एका विशेषणाखाली राज्याचा पैसा व गावाचा पैसा एकत्र करणे त्यांना मान्य नव्हते. राज्याचा निधी आजही त्या बँकेत ठेवावा लागतो. स्थानिक संस्थांना निवडीची मुभा आहे. तेव्हा मतपेटीने आखलेली ही मर्यादा शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, हे ध्यानी घेणे अगत्याचे होय.