मांडवी आणि रिकामे न्यायमंदिर : बडोद्याच्या मध्यवस्तीविषयी

'मांडवी' हा शब्द मराठीत आहे आणि गुजरातीतही आहे. दोन्हीकडे त्याचा जुना अर्थ जकातीची जागा, माल उतरवून घेण्याचे ठिकाण. मुंबईत मांडवी आहे, कच्छमध्ये त्या नावाचे बंदरच आहे, आणि बडोद्यात जुन्या शहराच्या बरोबर मध्यावर, चार रस्ते जिथे मिळतात तिथे, कमानींची एक चौकोनी इमारत उभी आहे, तिलाही मांडवी म्हणतात. गुजरातीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला असे शब्द सोपे वाटतात, कारण ते बदलावे लागत नाहीत. पण शब्द तोच राहिला तरी त्याच्या मागचे शहर तेच राहते असे नाही. गेली काही वर्षे मी बडोद्याशी संबंधित जुने गद्य वाचते आहे, आणि त्यातला मांडवीचा परिसर व आजचा परिसर यांतले अंतर मला शब्दकोशात भरून काढता येत नाही. म्हणून हा लेख.

बडोद्याचे जुने शहर आखून वसवलेले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या काळात ही तटबंदीची वस्ती उभी राहिली. मध्ये मांडवी, तिथून चार दिशांना चार सरळ रस्ते आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला एक वेस : पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणी, दक्षिणेला गेंडी. तट आज उरलेला नाही, पण वेशी आहेत, आणि पत्ता सांगताना त्यांचीच नावे घेतली जातात. आख्यानकवी प्रेमानंद सतराव्या शतकात याच शहरातला. तांब्याच्या माणेवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून कथा सांगणाऱ्या माणभट्टांची ही परंपरा. पुढे 1734 पासून बडोदे गायकवाडांकडे कायमचे राहिले आणि घाटावरून आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर कीर्तनही इथे आले. माणभट्ट आणि कीर्तनकार यांचा श्रोता एकाच पेठेत राहत होता, ही गोष्ट तुलनात्मक साहित्याच्या पाठ्यपुस्तकात मी कधी वाचली नाही. ती बडोद्याच्या पोळांमध्ये हिंडताना समजते.

मराठी वस्ती मुख्यतः लहेरीपुऱ्याच्या बाहेर, रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत वाढली. दिवाण भाऊ तांबेकरांचा चार मजली वाडा रावपुऱ्यात आहे. 1849 ते 1854 या काळात ते दिवाण होते. वाड्याच्या भिंतींवर महाभारत आणि कृष्णचरित्र आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दांडिया बाजारात, बडोदे सरकारच्या नोकरीत असताना, अरविंद घोष राहत असत. 1893 ते 1906 ही त्यांची बडोद्यातली वर्षे. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची गादी त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी पुढे चालवली. मुसलमान उस्ताद आणि मराठी शिष्य अशी ही जोडी त्या काळच्या बडोद्यात कोणाला विशेष सांगावीशी वाटत नसे.

या वस्तीला आधुनिक अर्थाने शहराचा मध्य केला तो सयाजीराव महाराजांच्या काळाने. 1875 साली दत्तक आलेला नाशिककडच्या कवळाण्याचा हा मुलगा 1881 पासून स्वतः कारभार पाहू लागला आणि 1939 पर्यंत पाहत राहिला. त्यांच्या कारकिर्दीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेच आरतीच्या सुरात आहे. इथे मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सामान्य माणसाला ज्या संस्थांची गरज पडते, त्यांतल्या बऱ्याच चालत जाता येईल इतक्या अंतरावर आल्या. सूरसागर तळ्याच्या काठी संगीतशाळा, जिचा आरंभ 1886 साली मौला बक्ष यांच्या हाताखाली झाला. तळ्यापासून जरा पुढे न्यायमंदिर. लहेरीपुऱ्याच्या आत मंगळ बाजार. मांडवीजवळ 1908 साली निघालेली बँक ऑफ बडोदा. तिथेच मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याच्या उभारणीसाठी 1910 साली विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले होते. ग्रंथालयाच्या मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचतो. तळ्यापासून मांडवीपर्यंत सावकाश चालले तरी पंधरा-वीस मिनिटे लागतात. एवढ्या अंतरात दावा लावता येई, पैसे ठेवता येत, लुगडे घेता येई, पुस्तक बदलता येई आणि गाणे शिकता येई.

भाषांचेही तसेच होते. घराणे मराठी, रयत मुख्यतः गुजराती, जुने दप्तर मोडीत, वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत. सयाजीरावांनी कारभार गुजरातीत आणला आणि मराठीला बाजूलाही टाकले नाही. 1912 साली बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली, त्यानंतर देशी भाषांतल्या ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांची रक्कम बाजूला काढली गेली. त्यातून सयाजी साहित्यमाला निघाली, गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात 1909, 1921 आणि 1934 असे तीनदा भरले. कवी चंद्रशेखर इथले राजकवी होते. आणि 1931 साली 'श्री सयाजी शासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. असा कोश शोभेसाठी करत नाहीत. ज्या कचेरीत या भाषा बोलणारी माणसे समोरासमोर येतात, तिथेच त्याची निकड भासते.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सोडून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1917 साली डॉ. आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. त्यांचे कोलंबियातले शिक्षण याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर झालेले. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, तिथेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत, आजच्या सयाजीबागेत, काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राज्याने 1906 पासून सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते, ग्रंथालय सर्वांना खुले होते, पण वाडे आणि पोळ खुले नव्हते. मध्यवस्तीच्या पुनरुज्जीवनाविषयी बोलताना 'पूर्वीसारखे' हा शब्द जपून वापरायला हवा, तो यासाठी.

उतरण कशी लागली? 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजधानी एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाली. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, त्यामुळे शहराचा लौकिक टिकला, पण विद्यापीठ होते स्टेशनच्या बाजूला. रेल्वे एकोणिसाव्या शतकातच जुन्या शहराच्या पश्चिमेला आलेली होती आणि शहर हळूहळू तिच्याकडे सरकत होते. 1960 नंतर कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना आणि पेट्रोरसायनांचे उद्योग आले. नव्या नोकरदारांनी अलकापुरी आणि त्यापलीकडे घरे बांधली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या लोकांचा मध्य चार वेशींच्या आत मावणार नव्हता, हे मान्यच आहे.

पण नुसत्या वाढीने मध्य ओसाड होत नाही. पोळातल्या लाकडी घराला चार-पाच भावांच्या मुलांची नावे लागतात, डागडुजीला कोणीच पैसे काढत नाही, मोटार दारापर्यंत येत नाही. धाकटा भाऊ फ्लॅट घेतो, मग थोरला, मग तळमजल्यावर माल ठेवायला गाळा भाड्याने जातो. शिवाय दंगलींच्या आठवणी आहेत. शहराच्या काही भागांना 'अशांत धारा' लागू आहे. त्या भागात घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भीतीपोटी घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, हा 1991 च्या कायद्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात हिंदू आणि मुसलमान वस्त्यांमधली रेघ त्याने कागदावर पक्की झाली. जुम्मादादा आणि माणिकराव ज्या शहरात गुरुशिष्य झाले, तिथे आज एकाने दुसऱ्याला घर विकायचे म्हटले तर अर्ज करावा लागेल आणि चौकशी होईल.

मांडवीजवळचा नजरबाग राजवाडाही आता नाही. मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफांमुळे त्याचे नाव दूरवर पोचले होते. काही वर्षांपूर्वी तो पाडला गेला. पण माझ्या मते मध्यवस्तीला सर्वांत मोठा धक्का बसला तो एका न पडलेल्या इमारतीमुळे.

न्यायमंदिर 1896 साली बांधून झाले. वास्तुशिल्पी रॉबर्ट चिझम, ज्यांनी लक्ष्मीविलास राजवाडा पुरा केला आणि बडोदा कॉलेजचा घुमट उभारला. ही इमारत मुळात भाजीमंडईसाठी योजली होती आणि दिवंगत महाराणी पहिल्या चिमणाबाई यांचे नाव तिला द्यायचे होते. बायझंटाइन धाटणीच्या कमानी, मध्ये उंच दालन, दालनात चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा. मंडई झाली नाही, न्यायालय आले आणि शंभरावर वर्षे राहिले. 2018 साली जिल्हा न्यायालय शहराच्या पश्चिमेकडे नव्या संकुलात गेले. नवी जागा प्रशस्त आहे, वकिलांना आणि पक्षकारांना तिची गरज होती, त्याविषयी तक्रार नाही. मात्र न्यायालयाबरोबर गेले ते स्टॅम्पविक्रेते, नोटरी, टंकलेखक, अर्ज लिहून देणारे. त्यांच्यावर चालणाऱ्या चहाच्या गाड्या आणि सेव-उसळीची दुकाने यांचे गिऱ्हाईक तुटले. तारखेला आलेला पाद्र्याचा किंवा डभोईचा शेतकरी काम झाल्यावर मंगळ बाजारात शिरत असे, तो आता येत नाही. योगायोग असा की त्याच 2018 साली, चौऱ्याऐंशी वर्षांनी, मराठी साहित्य संमेलन पुन्हा बडोद्यात भरले होते. व्यासपीठांवरून बडोद्याच्या सांस्कृतिक वारशाची आठवण काढली गेली. त्याच शहरात एक मोठी इमारत कुलपाकडे निघाली होती.

तेव्हापासून न्यायमंदिरात शहराचे संग्रहालय करण्याचे बोलले जाते. समोरचा चौक मोकळा करून लहेरीपुरा वेस, न्यायमंदिर आणि सूरसागर एकत्र दिसावेत अशा योजनांचीही चर्चा होत राहिली आहे. दरम्यान 2025 मध्ये मांडवीच्या खांबाला तडे गेले. तेव्हा शहराचे लक्ष पुन्हा एकदा आपल्या मध्याकडे वळले. लक्ष वळणे चांगलेच. पण सूरसागराचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. तळ्याच्या मध्यभागी शंकराची भव्य मूर्ती आहे, सुशोभीकरणे झाली, आणि काठ मात्र बऱ्याच अंशी भिंतीपलीकडे गेला. बघण्याजोगे झाले, बसण्याजोगे राहिले नाही. अहमदाबादचे जुने शहर 2017 साली युनेस्कोच्या यादीत आले, तिथे काही हवेल्या दुरुस्त झाल्या, पाहुणे येऊ लागले. तिथेही खरा प्रश्न हाच आहे की पाहुणा गेल्यावर पोळात कोण राहते.

म्हणून संग्रहालयाला माझा विरोध नसला तरी ते पुरेसे वाटत नाही. वर्षातून एकदा पाहायला यावे अशी जागा मध्यवस्तीला तारत नाही. आठवड्यातून दोनदा ज्याच्यावाचून अडते, असे काम तिथे हवे. न्यायमंदिराच्या काही दालनांत संग्रहालय असावे, काहींत नागरी सेवांची केंद्रे, आणि मधल्या दालनात वाचनकक्ष, मांडवीच्या ग्रंथालयाशी जोडलेला, रात्री नऊपर्यंत उघडा. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले आज जागेसाठी वणवण करतात, ती नक्की येतील. मोडी दप्तर वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मोडी शिकवण्याचा एक वर्ग आणि जुन्या कागदांचे गुजराती-मराठी भाषांतर करणारा एक लहान विभाग तिथे बसवता येईल. 1931 चा कोश ज्या कामासाठी केला होता, ते काम संपलेले नाही. आजच्या कचेरीत ओडिया, हिंदी, मराठी बोलणारा कामगार गुजराती अर्ज घेऊन उभा असतो. त्याला अर्ज समजावून देणारा माणूस तिथे बसला तर न्यायालयाच्या पायरीवरचा जुना अर्जलेखक एका अर्थाने परत येईल.

घरांचे काम याहून अवघड आहे. पोळातले घर दुरुस्त करण्यासाठी स्वस्त कर्ज, वारसांच्या नोंदी सोप्या करणे, आणि भाडेकरू कोणत्या जातीचा वा धर्माचा हे विचारले जाणार नाही याची हमी, यांच्याशिवाय वेशींवरचे दिवे लावून काही होणार नाही. यातली शेवटची अट 1917 पासून शिल्लक आहे. ती पुरी झाली तर बडोद्याची मध्यवस्ती पूर्वीसारखी होणार नाही, पूर्वीपेक्षा बरी होईल.

मांडवीभोवती अजून संध्याकाळी गर्दी असते. घडियाळी पोळात सोने घ्यायला लोक येतात, लग्नसराईत मंगळ बाजारातून चालता येत नाही, गणपतीत दांडिया बाजारात मराठी आरती आणि गुजराती गरबा एकाच मांडवात होतात. ग्रंथालयाच्या काचेच्या फरश्यांवरून अजून कोणीतरी पुस्तक शोधत फिरत असते. म्हणजे गरज संपलेली नाही, माणसेही गेलेली नाहीत. महापालिकेने, सरकारने आणि आपल्यासारख्या वाचणाऱ्यांनी ठरवायचे आहे ते एवढेच, की न्यायमंदिराचे दार उघडल्यावर आत काय काम चालावे आणि ते कोणाकोणासाठी चालावे.